थॉर्नलोचं दार

बोल्ट पुन्हा सहज आत गेला. ट्रेव्हर स्प्रोसनने पाना खाली ठेवला आणि नुसत्या बोटांनी तो फिरवून पाहिला. फिरला.

"मॉरीन, हे बघ. आट्यांत जीवच नाही."

मॉरीन यार्डली गाडीच्या आत गुडघ्यांवर बसून सीटचं कातडं ताणत होती. तिने मान वर केली नाही. "तुझ्या गुडघ्यांत तरी कुठे आहे? कस आणि पुढे हो."

"कोऱ्या गाडीचा बोल्ट असा? सुटे भाग बाहेरून मागवतात ना, कुठल्या भंगारातून उचलतात देव जाणे."

"आधी काचेकडे बघ. आणि हस."

काचेपलीकडे अकरा वाजताचे पाहुणे उभे होते. ज्यांनी थॉर्नलो गाडी नोंदवली असेल त्यांना ती बनताना बघायला बोलवायचं, अशी नव्या मालकांची पद्धत होती. कव्हेन्ट्रीत, इथल्याच माणसांच्या हातांनी, पूर्वीसारखी. ट्रेव्हर हसला. एका बाईने कडेवरच्या बाळाचा हात धरून त्याला टाटा केला.

थॉर्नलोचा जुना कारखाना बंद पडला त्याला सहा वर्षं झाली होती. एका दुपारी चार हजार माणसं घरी गेली. ट्रेव्हरने तिथे एकतीस वर्षं दारं बसवली होती. पुढची सहा वर्षं त्याने एका गोदामात खोकी भरली. तिथे मनगटाला बांधलेलं यंत्र दर तासाला त्याला सांगायचं की तो मागे पडतोय. मग कुणी परदेशी मालकांनी थॉर्नलोचं नाव विकत घेतलं, एक शेड उघडली आणि तीस जुन्या कारागिरांना पत्रं धाडली. पत्र आलं त्या दिवशी ट्रेव्हर स्वयंपाकघरात उभा राहून रडला होता. बायकोने पाहिलं, तरी त्याला लाज वाटली नाही.

पहिला महिना परीक्षेचा होता. कायम करायचं की नाही ते या शुक्रवारी कळणार होतं.

काम जुन्यासारखंच होतं, फक्त सावकाश. दिवसाला एक गाडी. सकाळी आठला नुसता सांगाडा उभा असायचा, गर्द हिरवा. पहिली सगळी मागणी त्याच रंगाची असावी. पाचला पुरी झालेली गाडी मागच्या दाराने ढकलत न्यायची. ट्रेव्हर आणि बाकीचे कारागीर कोट चढवून निघत, तेव्हा संध्याकाळची पाळी आत शिरत असायची. मान हलवण्यापलीकडे त्यांच्याशी ओळख नव्हती. नियम मात्र एक कडक होता: शेडमध्ये घरची कुठलीही वस्तू आणायची नाही. आणली, की त्याच दिवशी बाहेर.

बुधवारी चहाच्या सुट्टीत ट्रेव्हरने फेल्प्सला गाठलं. फेल्प्स शेडचा मॅनेजर, पस्तिशीचा, कपड्यांवर कधी डाग नसलेला.

"बोल्ट सैल आहेत, साहेब. एक दिवस दार गळून पडेल."

"तुम्ही छान काम करताय, ट्रेव्हर," फेल्प्स म्हणाला. "पाहुण्यांना तुम्ही फार आवडता. बोल्टची काळजी सोडा."

ट्रेव्हर परत आला तो धुमसतच. "काळजी सोडा म्हणे! भर वेगात वळणावर दार उघडलं तर? त्या बाईचं बाळ मागच्या सीटवर असेल."

"असेल," मॉरीन म्हणाली. "पण तुझं पेन्शन पुढच्या सीटवर आहे, हे विसरू नकोस."

गुरुवारी तो घरून एक छोटी बाटली घेऊन आला. आट्यांना लावायचं तांबडं औषध. एकदा सुकलं की बोल्ट जन्मात हलत नाही. जुन्या कारखान्यात ते बादलीने असायचं.

मॉरीनने बाटली पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "उद्या शुक्रवार आहे, म्हाताऱ्या. एक दिवस गप्प राहिलास तर काय बिघडेल?"

"माझ्या हातून बसलेलं दार आजवर कुणाचं निघालं नाही."

 मॉरीन गाडीतून उतरली आणि शेडच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाठ करून, हात कमरेवर ठेवून, त्याला आडोसा देत उभी राहिली. चारी दारांचे मिळून चोवीस बोल्ट झाले. शेवटचा आवळला तेव्हा महिनाभरात पहिल्यांदाच ट्रेव्हरला बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी शेड आतून बंद होती. सगळ्यांना चहाच्या खोलीत थांबवलं होतं. पावणेदहाला फेल्प्सने ट्रेव्हरला बोलावलं. टेबलावर ट्रेव्हरच्या नावाचं पाकीट होतं. फेल्प्सचे डोळे तांबारले होते, आणि आज त्याच्या सदऱ्याच्या बाहीला वंगण लागलं होतं.

"दारांना काय लावलंत तुम्ही?"

नाही म्हणता आलं असतं. मॉरीनने तशी शपथही घातली होती. "औषध लावलं," ट्रेव्हर म्हणाला. "घरून आणलं. दुसऱ्या कुणाचा यात हात नाही."

"दारं निघत नाहीयेत."

"निघायला नकोतच ना, साहेब."

"संध्याकाळच्या पाळीने तीन पाने मोडले. रात्रभर आम्ही सगळे तेच करत होतो."

ट्रेव्हरला काही उमगलं नाही. नियम मोडला एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि ते पाकीट. त्याने ते बोटाने फेल्प्सच्या बाजूला सरकवलं.

"नका करू मला कायम. पण ती गाडी जिच्या घरी जाईल, ती बाई निर्धास्त बसेल त्यात. तेवढं पुरे मला."

 ओरडायचं फेल्प्सच्या मनात असावं, पण आवाज निघाला तो अगदी हळू.

"गिऱ्हाइकांच्या गाड्या बोटीने तयार येतात, ट्रेव्हर. अकरा वाजता चाळीस पाहुणे येतायत, आणि त्यांच्यासमोर पुन्हा जोडायला आपल्याकडे ही एकच गाडी आहे."