मुठीतला गंज

इसोगाईंनी बांबूची खुंटी काढली, तलवार धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलकेच दोन बुक्क्या मारल्या आणि तलवारीची मूठ सैल झाली. आत दडलेला पात्याचा शेपटा बाहेर आला. तो लखलखत होता.

सेकी गावात चाळीस वर्षं ते तलवारी पारखत होते. पातं पाहताक्षणी त्यांनी मनातल्या मनात मान डोलावली होती. उरली होती शेपट्यावरची घडवणाऱ्याची सही. ती त्याचीच की मागाहून कुणी खोटी कोरलेली, हे तिच्या खाचांमधला काळा गंज सांगतो. इथे तर तो कुणीतरी पातेल्यासारखा घासून काढला होता.

"हे कुणी केलं?"

"मी," समोर बसलेल्या तोमिएबाई म्हणाल्या. "ह्यांचं वर्षश्राद्ध होतं. गंजकी तलवार कशी ठेवायची त्यांच्यापुढे?"

"आई, तुला नसते उद्योग कुणी सांगितले होते?" मुलगा र्योहेई म्हणाला. तोक्योतलं गिऱ्हाईक त्याने ठरवून ठेवलं होतं. सही खरी असल्याचा दाखला मिळाला, की तलवार विकायची. वडील असते, तर हा विषय काढायची त्याची छाती झाली नसती.

"दाखला विसरा," इसोगाई म्हणाले. "ही सही चारशे वर्षांपूर्वीची की परवाची, हे आता कोण सांगणार?" ते चिडले होते आणि राग लपवण्याच्या भानगडीत पडले नाहीत.

"मग ने घरी आणि पूज बसून," र्योहेई आईला म्हणाला आणि गाडी काढायला निघून गेला.

तोमिएबाईंनी तलवार जवळ ओढली. मूठ चढवली, खुंटी बसवली. श्वासाची वाफ पात्यावर पडू नये म्हणून कागदाची घडी ओठांत धरली. पातं पुसलं, त्यावरून तेलाचा अगदी पातळ हात फिरवला आणि धार वर ठेवून ते म्यानात सरकवलं. म्यानाला कुठे घासल्याचा आवाजसुद्धा आला नाही. इसोगाई बघत राहिले. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

"बाई, हे कुठे शिकलात?"

बाईंनी कागद ओठांतून काढला. "माहेरी. वडील तलवारी उजळायचे. पन्नास वर्षं तेच केलं त्यांनी."

"त्या घरात पोरीबाळींना सगळ्यात आधी काय शिकवतात?"

बाहेर र्योहेईने हॉर्न वाजवला. तोमिएबाईंनी तलवारीच्या पिशवीची गाठ मारली, तलवार दोन्ही हातांनी उचलली आणि वाकून नमस्कार केला.

"मुठीतल्या गंजाला हात लावायचा नाही."