उभं राहण्याची शिकवणी

माझी लेक तलवारबाजीत चपळ, पण धीर म्हणून नाही. पंचांनी इशारा दिला की धावून जायची आणि हरायची. प्रशिक्षक मी आणि बापही मीच, त्यामुळे डोक्याला दुप्पट ताप. शेवटी तिला कुंग फू शिकवणाऱ्या बाईंकडे गुपचूप धाडलं. बाईंनी सहा महिने तिला नुसतं गुडघे वाकवून उभं केलं. "समोरच्याला आधी येऊ दे," एवढाच धडा. "घराबाहेर ब्र काढायचा नाही हं," मी लेकीला बजावलं.

संघात एकच जागा उरली होती. निवडीच्या अंतिम सामन्यात लेक तसूभर हलली नाही. मी खूश! पण समोरचीही हलेना. "अगं, मार की आता!" मी ओरडलो. पलीकडून त्या पोरीचा प्रशिक्षकही घसा फोडून तेच ओरडत होता. मिनिटभर कुणीच वार करेना, तेव्हा पंचांनी वैतागून दोघींनाही कार्ड दाखवलं.

 

दोघींनी शांतपणे मुखवटे काढले, मूठ तळहातावर टेकवली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंना एकदमच वाकून नमस्कार केला.