मधलं कडवं

नव्या लेकीला घेऊन बालगृहातून निघताना पाळकसाहेबांनी आनंदाच्या भरात दोनदा गाडी बंद पाडली. शेजारी बायको खिदळत होती. मागच्या सीटवर सहा वर्षांची पोर मात्र मान खाली घालून बसली होती.

"काय गं, काय झालं?"

पोरीने भोकाडच पसरलं. "तुम्ही बघायला आलात ना, तेव्हा कविता म्हणून दाखवताना मधलं कडवं मी विसरले होते. आता परत पाठवाल?"

पाळकसाहेब खो खो हसले. गेली वीस वर्षं दर रविवारी चर्चमधल्या उपदेशात ते हेच तर सांगत आले होते, की देव माणसाला निवडतो ते लायकी बघून नव्हे, दयेने. 'मग ज्यांना निवडत नाही त्यांचं काय?' असं कुणी विचारलंच, तर 'दयेवर कुणाचा हक्क नसतो!' म्हणून त्याचं तोंड बंद करत आले होते.

"अगं वेडाबाई, कविता ऐकतंय कोण! फाटकातून आत शिरलो तेव्हा तू चिखलात लोळून भांडत होतीस. तिथेच ठरलं आमचं, हीच आपली!"

"कविता न म्हणताच?"

"न म्हणताच!"

पोर टुणकन सीटवर उभी राहिली. "बाबा, मग गाडी वळवा ना, पटकन! बाकीच्यांना सांगू या! त्या बिचाऱ्या अजून पाठ करत बसल्यात!"

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली.