चौथे प्रकरण

“आमच्या आजेसासूंच्या सासूबाई कुणापुढे वाकल्या नाहीत, आजेसासू वाकल्या नाहीत, माझ्या सासूबाई तर नाहीच नाहीत,” बाई म्हणाल्या. “मग तुमच्या वकिलापुढे मी का वाकू? चौथं प्रकरण जसंच्या तसं छापलं जाईल.”

प्रकाशकांनी चष्मा काढून पुसला. टेबलावर कादंबरीची संहिता होती. चौथ्या प्रकरणाच्या प्रत्येक पानावर संपादिकेने पेन्सिलीने तिरकी रेघ ओढली होती.

संहिता टोपणनावाने आली होती आणि पुढचा पत्रव्यवहारही त्याच नावाने झाला होता. समोरासमोर गाठ आजच पडत होती. आत येताच बाईंनी चौथ्या प्रकरणाबद्दलचे प्रकाशकांचे पत्र टेबलावर ठेवले होते आणि कोणी सांगण्याआधी खुर्ची ओढून घेतली होती.

“कादंबरी उत्तम आहे,” प्रकाशक म्हणाले.

“ते मला ठाऊक आहे. पुढे बोला.”

“आजी, प्रश्न एवढाच आहे की...” संपादिकेने सुरुवात केली.

“आजी घरी. इथे बाई म्हणा.”

संपादिकेने चौथे प्रकरण उघडले. “बाई, या प्रकरणात सासू सुनेची हाताने लिहिलेली कादंबरी पाणी तापवायच्या बंबात घालते. एकेक पान, सुनेला समोर उभं करून. आणि वर म्हणते, ‘आज पाणी छान तापलं.’ आमच्या वाचनसमितीतल्या दोघांना ते वाचून जेवण गेलं नाही.”

“म्हणजे लिखाण जमलं आहे.”

“जमलं आहे म्हणूनच भीती वाटते. ही सासू कल्पनेतली वाटत नाही.”

“नाहीच ती.”

प्रकाशकांनी संपादिकेकडे पाहिले. गेल्या वर्षी त्यांच्याच एका पुस्तकात कुणा डॉक्टराने स्वतःला ओळखले होते. दावा उभा राहिला, दुकानांतून प्रती परत आल्या, आणि त्यांचे गठ्ठे अजून मागच्या खोलीत पडून होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. प्रकाशक तर आता पाणीसुद्धा फुंकत होते.

“दोन वाटा आहेत,” ते म्हणाले. “एक तर प्रकरण गाळायचं. नाहीतर शेवटी सासूला पश्चात्ताप झाला असं दाखवायचं. रडली, सुनेचे हात हातात घेतले, वगैरे. वाचकालाही बरं वाटतं.”

“त्या बाईला रडवलंत, तर मात्र ती नक्की दावा लावेल.”

संपादिकेला हसू आले. प्रकाशकांनी डोळे मोठे केल्यावर तिने ते चहाच्या कपाआड दडवले.

“आणि प्रकरण गाळलंत तर उरतं काय?” बाईंनी विचारले. “पाचव्या प्रकरणात सून जी गप्प होते, ती पुस्तक संपत आलं तरी तोंड उघडत नाही. का गप्प झाली, हे वाचकाने ज्योतिषाला विचारायचं? नाक कापून वर नथ घालायला निघाला आहात तुम्ही.”

“बाई, ही संहिता आधी दोन प्रकाशकांनी याच कारणासाठी परत केली आहे. संहितेसोबतच्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलं आहे. आम्हीही नाही म्हटलं तर?”

“तर पुढचं दार ठोठावीन. पाय अजून शाबूत आहेत.”

“पण पुस्तक मुळीच न येण्यापेक्षा थोडं कापून आलेलं बरं, नाही का?”

“कापून छापलेलं पुस्तक म्हणजे दुसऱ्यांदा जाळलेलं पुस्तक.”

प्रकाशकांनी संहिता जवळ ओढली आणि पुन्हा दूर सारली.

“एवढा हट्ट कशासाठी?” त्यांनी जरा मऊ आवाजात विचारले. “मुखपृष्ठावर नाव यावं म्हणून लोक काय वाटेल ते मान्य करतात.”

“मला नावाची हौस नाही. मी एका बाईचं एक पुस्तक देणं लागते. जुनं देणं आहे. ते पुरतं फेडायचं. त्यातलं एक प्रकरण कापून घेतलं, तर ती फेड नव्हे, तडजोड झाली.”

प्रकाशकांना हे नीटसे उमगले नाही. पण लेखक मंडळी असे काहीबाही बोलतातच, म्हणून त्यांनी मान डोलावली.

“ती सासू हयात आहे?” संपादिकेने विचारले.

“ठणठणीत.”

“तिने हे वाचलं, तर स्वतःला ओळखेल?”

“वाचलं आहे. पहिल्या पानावरच ओळखलं. एक अक्षर खोटं नाही, असं तिचं मत आहे.”

प्रकाशक पुढे सरसावले. “चिडली नाही?”

“चिडली ना. कितीतरी दिवस घरात कुणाशी बोलली नाही. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.”

“तसं असेल तर मार्ग आहे,” संपादिका म्हणाली. “वकिलांचं म्हणणं एवढंच आहे की, त्या बाईने स्वतः इथे येऊन आम्हा दोघांसमोर सांगावं, माझी हरकत नाही, छापा. मग एक शब्दही गाळावा लागणार नाही.”

“कशाला येईल ती?” प्रकाशक उसासा टाकत म्हणाले. “आपली लक्तरं वेशीवर टांगायला आपल्याच पायांनी कोण येतं?”

बाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि टेबलावरचे खोडरबर उचलून संपादिकेच्या हातात दिले.

“माझी हरकत नाही, छापा,” त्या म्हणाल्या. “आणि आधी माझ्या सुनेला फोन लावा. तुमचं पत्र आल्यापासून ती घरी स्वतःच लिहिलेलं हे प्रकरण कापत बसली आहे; तिला म्हणावं, सासूबाईंनी सांगितलंय, एक ओळही हलवायची नाही.”