दोन लिटर प्रीमियम

निळी मोटार त्या आठवड्यात तिसऱ्यांदा पंपावर आली आणि पुन्हा सरळ चार नंबरच्या मशीनसमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा मॅनेजरनं केबिनच्या काचेआडून हातातला चहा खाली ठेवला.

पंपावर चार मशीन होती. तीन मशीनवर साधं पेट्रोल, चौथ्यावर प्रीमियम. ते चौथं एकाच मुलीकडे असायचं, म्हणून तिलाच सगळे 'चार नंबर' म्हणत. ती जिभेची तिखट. येणाऱ्या-जाणाऱ्याशी मामा, दादा, ताई असं नातं जोडून बोलायची. शेजारच्या मशीनवर इंजिनाच्या आवाजाची कुरकूर करणाऱ्या हडकुळ्या टॅक्सीवाल्याला ती म्हणाली होती, "मामा, आवाज इंजिनाचा नाही, तुमच्या हाडांचा येतोय. आधी जेवून या." टॅक्सीवाला आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होता.

निळ्या मोटारीतल्या म्हाताऱ्याशी मात्र ती नियमापुरतंच बोलायची. नियम मॅनेजरनंच भिंतीवर लावला होता: भरण्याआधी गिऱ्हाइकाला मीटरवरचा झिरो दाखवायचा आणि भरून झालं की तसं सांगायचं. न बोलणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापला जाई.

"झिरो बघा, सर."

म्हातारा गाडीतून उतरायचा, चष्मा पुसायचा आणि मीटरकडे असा बघायचा, जणू त्यावर काहीतरी लिहिलंय. मग दोन लिटर. कधीच जास्त नाही.

"झालं, सर."

मग ती न सांगताच फडकं घेऊन त्याच्या गाडीची पुढची काच पुसायची. सावकाश, कोपऱ्यांपर्यंत. दुसऱ्या कुणाच्या काचेला तिनं कधी हात लावला नव्हता.

मॅनेजरला हे खटकलं. मोटार पंचवीस वर्षांची. असल्या इंजिनाला प्रीमियम पाजणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. त्यानं पंपावर टायरमध्ये हवा भरणाऱ्या हवावाल्या काकांकडे चौकशी केली. ते म्हणाले, मास्तर आहेत, रसायनशास्त्र शिकवायचे, आता पेन्शनवर आहेत. मॅनेजरच्या डोक्यात गणित जुळलं. त्याच्या स्वतःच्या वडिलांना म्हातारपणी एका गोडबोल्या एजंटानं असंच गुंडाळलं होतं. काच पुसून ही पोरगी मास्तरांना महागडं गळ्यात मारत होती. आपल्या पंपावर हे चालू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

त्यानं मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि त्यांच्या गाडीला साधं पेट्रोल पुरतं हे हळूच सांगितलं.

"माहीत आहे," मास्तर हसले. त्यांनी पावती उलटी केली, खिशातलं पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला एक सिलिंडर रेखाटला, त्यात दट्ट्या. हात सवयीनं चालत होता. "लोकांना वाटतं, महागात ताकद जास्त. ताकद तेवढीच. संयम जास्त. हे बघा, दट्ट्या वर आला, दाब वाढला. साधं पेट्रोल फार दाबलं तर ठिणगीच्या आधीच पेटतं आणि इंजिन आतून ठकठक वाजतं. प्रीमियम ठिणगी पडेपर्यंत थांबतं. माझ्या गाडीत मुळात दाबच कमी. कळलं?"

मॅनेजरनं शाळेतल्या पोरासारखी मान डोलावली. "मग घेता कशाला?"

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. "मी जन्मभर वेळेआधी पेटत आलो. आता थांबायला शिकतोय, असं समजा."

मॅनेजरला वाटलं, लाजेनं विषय टाळतायत. त्याचे वडीलही असेच हसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चार नंबरला बोलावून सांगितलं की, उद्यापासून मशीनवर उभं राहायचं नाही, मागच्या गोदामात ऑइलचे डबे लावायचे. तिनं कारण विचारलं. त्यानं निळ्या मोटारीचं नाव काढलं.

"मी त्यांना कधी घ्या म्हटलं नाही," ती म्हणाली. "तक्रार कुणी केली?"

तक्रार कुणीच केली नव्हती. पण मॅनेजरला हुज्जत नको होती.

"त्यांनीच. सरांनी."

तिचा हात डोक्यावरच्या टोपीकडे गेला.

"लिहून दिली?"

"हो, लिहून."

तिनं डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी घातली आणि टेबलावर ठेवली. हवावाल्या काकांनी हाक मारली, तेव्हाही तिनं मागे पाहिलं नाही. चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो, असं मॅनेजर नंतर काकांना म्हणाला. काकांनी दोन दिवसांनी बातमी आणली की तिनं भाड्याची खोलीही सोडली. कुठं गेली ते कुणाला ठाऊक नाही.

बातमी आली त्याच दुपारी निळी मोटार आली. मॅनेजर स्वतः बाहेर गेला.

"तुमची सुटका केली, सर. आता बिनघोर साधं घ्या. ती मुलगी नोकरी सोडून गेली. गावही सोडलं म्हणे."

मास्तर गाडीतून उतरले होते. चष्मा पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला. चार नंबरचं मशीन बंद होतं. मीटरवर झिरोसुद्धा नव्हता.

"जाताना काही म्हणाली?"

"तक्रार लिहून दिली का, एवढंच विचारलं. तिची समजूत पटावी म्हणून मी म्हटलं, हो, सरांनीच दिली."

मास्तरांनी गाडीच्या टपाला हात टेकला. पुढच्या काचेवर धूळ बसली होती. बोलले तेव्हा त्यांचा आवाज वर्गात असावा तसा स्वच्छ होता.

"अकरा वर्षांपूर्वी परीक्षेत तिच्याकडे कॉपीची चिठ्ठी सापडली. त्या वर्गावर देखरेखीला मीच होतो. थांबलो नाही, तिला काही विचारलं नाही. तिथल्या तिथं तक्रार लिहून दिली. ती निघून गेली, ती गेल्या वर्षी मला इथं सापडली."

मास्तरांनी भिंतीवरच्या त्या पाटीकडे बोट केलं.

"तुमच्या या नियमामुळं," ते म्हणाले, "माझी मुलगी माझ्याशी आठवड्यातून सहा वाक्यं बोलत होती."