उस्तादांच्या गाडीचं पासिंग

हातोडी वाजली नाही, आत रुतली.

तपासनीस खड्ड्यात उभा होता आणि त्याच्या डोक्यावर उस्तादांची घरगाडी उभी होती. त्याने हातोडी ओढून काढली. तिच्याबरोबर काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि मागून गंजाचा भुगा त्याच्या बाहीवर पडला. मागच्या चाकांच्या स्प्रिंगांचे पाटे चासीला जिथे धरलेले असतात, नेमकी ती जागा. बोट आत जाईल एवढं भोक होतं. त्याने बोट घालून पाहिलं आणि मग ते कुठे पुसावं हेच त्याला सुचेना.

हा गंज एका वर्षाचा नव्हता. दोन-तीन वर्षांचा तरी असेल. आणि गाडीच्या काचेवर मागच्या वर्षीच्या पासिंगचा कागद चिकटवलेला होता, त्यावर सही त्याची स्वतःची होती.

मागच्या वर्षी तो खाली उतरलाच नव्हता.

एरवी तो असला नव्हे. शेडमधले ड्रायव्हर त्याला पाठीमागे खडूस म्हणत आणि त्याला ते आवडे. पण उस्तादांची गोष्ट निराळी. याच शेडमध्ये त्यांनी तीस वर्षं गाड्या तपासल्या होत्या आणि याला हाताला धरून काम शिकवलं होतं. रंगावर जाऊ नकोस, हातोडी मार आणि ऐक, म्हणायचे. चांगलं लोखंड खणखणीत बोलतं, कुजलेलं बसक्या आवाजात. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी घरगाडी घेतली. आत चार बिछाने, एक शेगडी, भांडी घासायला वीतभर बेसिन. नातवंडांना घेऊन हिंडायचं, एवढीच त्यांची हौस.

मागच्या वर्षी ते पासिंगला आले तेव्हा त्यांनी स्वतःची हातोडी याच्या हातात दिली होती. "नीट बघ," म्हणाले होते. "तुम्ही चहा घेऊन या, तोवर बघतो," असं सांगून याने त्यांना कँटीनला पाठवलं आणि पंख्याखाली बसून शिक्का मारला. उस्तादांनी घरून ठोकूनबिकून आणली असणारच. त्यांच्या मागून आपण ठोकायचं म्हणजे बापाची परीक्षा घ्यायची. ते परत आले आणि विचारलं, "वाजवलीस ना सगळीकडे?" विचारताना त्याच्या तोंडाकडे अगदी निरखून बघत होते. "ठणठणीत आहे, उस्ताद," तो म्हणाला. त्या संध्याकाळी बायकोला हे सांगताना तो स्वतःवर फार खूश होता. मोठ्या माणसाचा मान कसा ठेवावा, हे हल्ली कुणाला कळत नाही, असंही म्हणाला.

यंदा तो उतरला तो वरून हुकूम आला म्हणून. प्रत्येक गाडीचे खालून फोटो पाठवायचे होते. म्हणजे मनाने तो आजही उतरला नसता. हे लक्षात आलं तेव्हा त्याला जास्तच लाज वाटली.

वर येऊन त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. गंज वरपर्यंत आलाय का ते बघायचं होतं. बिछान्याखाली लहान बुटांचे तीन जोड ओळीने ठेवले होते. भिंतीवर नकाशा होता. त्यावर पोरांनी लाल पेन्सिलीने वर्षभराचा प्रवास काढला होता. डोंगरातून वळणं घेत घेत समुद्रापर्यंत, आणि परत. वळणांपाशी कुणीतरी हसरे चेहरे काढले होते. त्याने दार लावून घेतलं.

एकट्याला ती लाज पेलवेना म्हणून की काय, त्याला उस्तादांचाच राग आला. ज्यांनी आपल्याला ऐकायला शिकवलं त्यांना स्वतःच्या गाडीतलं हे कळलं नसेल? कळलं असणारच. आपल्या भिडेचा फायदा घेतला म्हाताऱ्याने.

उस्ताद खांबाशेजारी खुर्चीवर बसले होते. तो त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि कागदाकडे बघत म्हणाला, "गाडी नापास करतोय."

उस्ताद फाटकाकडे बघत राहिले. उत्तरसुद्धा दिलं नाही. ते त्याला फार लागलं. तो पुढ्यात गेला आणि तेच पुन्हा म्हणाला.

"मागच्या वर्षी तर ठणठणीत होती," उस्ताद म्हणाले.

"मागच्या वर्षी मी खाली उतरलोच नव्हतो." बोलून झाल्यावर त्याचे कान तापले. "खोटं बोललो तुमच्याशी. पण उस्ताद, तुम्ही तरी? हातोडी घरातच होती ना तुमच्या. एकदा मारून बघायची होती. पोरं बसत होती आत."

उस्तादांचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं. मग उठले, त्याच्या हातातून हातोडी घेतली आणि शेजारच्या लोखंडी खांबावर सगळा जोर लावून मारली. शेड दणाणली. ड्रायव्हर वळून बघायला लागले, कँटीनवाला दारात आला. उस्ताद मात्र तपासनिसाच्याच तोंडाकडे बघत होते.

"वाजला का रे?" त्यांनी हळूच विचारलं. "दोन वर्षं झाली. माणसाचं बोलणं तोंडाकडे बघून समजतं मला. लोखंडाला तोंड कुठलं? म्हणून तर तुझ्याकडे आणली होती."