घराला दिलेली सूचना

"रजोनिवृत्तीत अचानक अंगाची लाही होते, झोप उडते, चिडचिड होते. घाबरू नका," डॉक्टर इंद्रायणीला म्हणाल्या. "तुमचं अंग तापलं की घराच्या भिंती आपोआप गार होतात ना?"

"पूर्वी व्हायच्या. आता घरालाही माझं कळत नाही. भिंती गारच आहेत, मलाच भास होतात, असं हे म्हणतात."

शेजारी बसलेल्या मोरेश्वरची मान खाली गेली. त्याला थंडी वाजायची, म्हणून त्यानंच भिंतींना गुपचूप सूचना दिली होती.

"भास नव्हते, इंदू," तो कसाबसा म्हणाला. "तुझ्या अंगाकडे लक्ष देऊ नकोस, असं मीच घराला सांगितलं होतं."

इंद्रायणी डॉक्टरांकडे वळली.

"म्हणजे मला वेड नाही लागलेलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती सुटका होती. मोरेश्वरला तीच सहन होईना.